सवलतीच्या आधी प्रमाणपत्र

वाचन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिक आणि एका भाषेतून सूटही मिळते. या सवलती दिव्यांगांच्या कायद्यातून आल्या, असा समज आहे. इतिहासाचा क्रम उलटा आहे.

१९९५ च्या केंद्रीय अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारांची नोंद होती. डिस्लेक्सिया त्यांत नव्हता. तरीही महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून शालान्त परीक्षेत या सवलती दिल्या. केंद्राच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान मिळाले ते २०१६ मध्ये.

मात्र सवलतीसाठी प्रमाणपत्र हवे आणि ते देणारी शीव, नायर यांसारखी रुग्णालये मुंबईत. अंबरनाथ-बदलापूरच्या पालकांच्या वाट्याला लोकलच्या फेऱ्या आणि बुडालेला रोजगार. (यादीत नाव असणे आणि हाती कागद असणे, यांतले अंतर मध्य रेल्वेने कापावे लागते.)

भाषेचा पेच याहून बिकट. प्रमाणित कसोट्या दीर्घकाळ मुख्यतः इंग्रजीत होत्या. मराठी शाळेतले मूल जोडाक्षराशी, ऱ्हस्व-दीर्घाशी अडखळते. ते इंग्रजी उताऱ्यावर कसे मोजावे? निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली उल्हासनगर झालेल्या गावात तर अनेक घरांत सिंधी आणि शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी. मूल अडते ते अक्षमतेमुळे की अपरिचयामुळे?

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा कसोटीसंच आणला. हिंदी, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा त्याच्या पहिल्या चार भाषा. सिंधी त्यांत नव्हती.