सा दा बांदेइरा यांचा हुकूम: एक भाष्य

बेर्नार्दु द सा नोगेइरा, म्हणजे मार्किश द सा दा बांदेइरा, पाच वेळा पोर्तुगालचे पंतप्रधान झाले. त्यांचे चरित्र मला त्यांच्या एका छोट्या हुकमात सर्वांत स्पष्ट वाचता येते. म्हणून हुकमातील एकेका वाक्याचा आशय आधी देतो आणि त्याखाली भाष्य करतो.

‘२५ फेब्रुवारी १८६९.’

या दिवशी सा दा बांदेइरा त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि पंतप्रधानपदी होते. जन्म सांतारेंयचा, २६ सप्टेंबर १७९५. १८१० साली, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, ते सैन्यात शिरले. पुढे राजगादीसाठी दों पेद्रू आणि दों मिगेल या भावांत यादवी पेटली, तेव्हा ते घटनेच्या बाजूने, म्हणजे पेद्रूकडून लढले. पोर्तूच्या वेढ्यात, सप्टेंबर १८३२ मध्ये, आल्तू दा बांदेइरा या टेकाडावर त्यांचा उजवा हात गेला. त्या टेकाडाचेच नाव पुढे त्यांच्या किताबात आले.

‘पोर्तुगीज राजसत्तेच्या सर्व प्रदेशांत, हुकूम प्रसिद्ध झाल्या दिवसापासून, गुलामगिरी रद्द होत आहे.’

‘सर्व’ हा शब्द इथे फार मोलाचा आहे. अठराव्या शतकात पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने केलेले मुक्तीचे कायदे युरोपातल्या पोर्तुगालपुरते होते. समुद्रापलीकडचे गुलाम त्यांतून वगळले होते. १८६९ च्या वाक्यात अंगोला, मोझांबिक, साओ तोमे हे सारे आले, आणि गोवा, दमण, दीवही आले. गोव्यातल्या घरांत मोझांबिकहून आणलेले आफ्रिकी गुलाम राबत होते, आणि त्या व्यापारात दीव-दमणच्या वाणी सावकारांचा पैसा गुंतला होता. हे आपल्या किनाऱ्याचेही पाप आहे, आणि ते आपण क्वचितच बोलून दाखवतो.

हे वाक्य लिहायला सा दा बांदेइरांना तेहेतीस वर्षे लागली. १८३६ च्या सप्टेंबर क्रांतीने त्यांना सत्ता दिली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्यांनी पोर्तुगीज मुलखातून गुलामांची निर्यात बंद केली. हुकूम धाडसी होता, पण तो लिस्बनच्या कागदावर राहिला. मोझांबिकच्या गव्हर्नराने तो थेट स्थगितच केला, कारण तिथले जकातीचे उत्पन्न आणि अधिकाऱ्यांचे हितसंबंध दोन्ही या व्यापारावर उभे होते. तिकडे इंग्लंडला गुलामांचा व्यापार रोखणारा करार हवा होता. पोर्तुगीज जहाजांची झडती परक्या आरमाराने घ्यावी हे सा दा बांदेइरांना मान्य होईना, आणि बोलणी रखडली. अखेर १८३९ साली ब्रिटिश परराष्ट्रमंत्री पामर्स्टनने संसदेत कायदा करून संशयित पोर्तुगीज जहाजे पकडण्याचा अधिकार एकतर्फी घेतला. करार १८४२ मध्ये झाला. या प्रसंगात मी सा दा बांदेइरांना दोष देणार नाही. गुलामांच्या बाजूने असणे आणि आपल्या देशाचा मान राखणे, दोन्ही त्यांना खरेच हवे होते.

‘आज जे गुलाम आहेत ते लिबेर्तू होतील, १४ डिसेंबर १८५४ च्या हुकमातले हक्क आणि कर्तव्ये त्यांना लागू राहतील.’

लिबेर्तू म्हणजे कायद्याने सुटलेला, पण ठरावीक काळ सेवेला बांधलेला माणूस. १८५४ चा हुकूम निघाला तेव्हा सा दा बांदेइरा सागरपार मंडळाचे अध्यक्ष होते. मालकांनी आपल्या गुलामांची नोंदणी करावी, सरकारी मालकीचे गुलाम मुक्त व्हावेत, अशी त्याची दिशा होती. १८५६ मध्ये गुलाम मातेच्या पोटी पुढे जन्मणारी मुले स्वतंत्र ठरली, पण वीस वर्षांची होईपर्यंत त्यांनी आईच्या मालकाकडे राबायचे होते. प्रत्येक पाऊल पुढे पडत होते आणि प्रत्येकाच्या पायात दोरी होती.

‘ही सेवा ज्यांचे ते गुलाम होते, त्यांनाच मिळेल.’

हुकमाचे मर्म इथे आहे. मालकांना भरपाई द्यायची, तर तिजोरी रिकामी. मग ही भरपाई कोणी केली? गुलामांनीच, स्वतःच्या श्रमाने. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडूनच अन्यायाची किंमत वसूल केली गेली. हे वाक्य संसदीय तडजोड म्हणून समजून घेता येते. न्याय म्हणून ते मला मान्य होत नाही.

‘सेवेचा हक्क २९ एप्रिल १८७८ रोजी संपेल.’

ही तारीख त्यांच्याच १८५८ च्या हुकमातली. तेव्हा ते आरमार व सागरपार खात्याचे मंत्री होते आणि वीस वर्षांनी गुलामगिरी संपेल असे त्यांनी जाहीर केले होते. २९ एप्रिल हा १८२६ ची राज्यघटना बहाल झाल्याचा दिवस. ज्या घटनेसाठी हात दिला तिच्या वाढदिवशी गुलाम सुटावेत, ही इच्छा उदात्त होती. पण मळ्यातल्या माणसाला तिच्यापायी आणखी नऊ वर्षे राबायचे होते. साओ तोमेच्या लिबेर्तूंनी तितकी वाट पाहिली नाही. १८७५ च्या अखेरीस ते मळे सोडून शहरात आले, आणि तिथल्या गव्हर्नराला त्यांची मुक्तता मुदतीआधीच जाहीर करावी लागली.

सही.

उजवा हात नव्हता, तेव्हा सही डाव्या हाताची. ६ जानेवारी १८७६ रोजी सा दा बांदेइरा वारले. लिस्बनच्या दों लुईश चौकात १८८४ पासून त्यांचा पुतळा उभा आहे; पायथ्याशी तुटलेल्या साखळ्यांसह एक आफ्रिकी स्त्री आणि तिचे मूल आहे. साओ तोमेच्या कोको मळ्यांवर मात्र अंगोलातून कराराच्या नावाखाली मजूर नेणे विसाव्या शतकातही चालू होते, आणि १९०९ मध्ये इंग्लंडच्या कॅडबरी कंपनीने त्याच कारणाने तिथला कोको घेणे थांबवले.