‘नंदुरबार’ छापायला आठ खिळे लागायचे! जुन्या छापखान्यांच्या संग्रहालयात नेमकं काय बघायचं, काय हाताळायचं?

मोबाइलवर ‘नंदुरबार’ लिहायला दोन-तीन सेकंद लागतात. तोच शब्द खिळ्यांच्या छापखान्यात लावायचा असेल, तर न, त्यावरचा अनुस्वार, द, त्याखालचा उकार, र, ब, काना आणि पुन्हा र असे आठ तुकडे वेगवेगळ्या खणांतून उचलावे लागायचे. तेही उलटे धरून, कारण खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं. छापून झालं की आठही तुकडे आपापल्या खणात परत टाकायचे.

पत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं, वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, असं बहुतेक सगळं छापील मराठी दीडशेहून जास्त वर्षं याच पद्धतीने तयार झालं. आज हे पाहायचं असेल तर जगात अशी काही संग्रहालयं आहेत, जिथे जुनी छपाईयंत्रं काचेआड ठेवलेली नसतात. तिथे पाहुणा स्वतः खिळे जुळवतो, शाई लावतो आणि आपलं पान छापून घरी नेतो. तिथे नेमकं काय होतं आणि मराठी माणसाने त्यात काय शोधायचं, ते समजून घेऊ.

ही संग्रहालयं कुठे आहेत?

सगळ्यात प्रसिद्ध आहे जर्मनीतल्या माइंत्स शहरातलं गुटेनबर्ग संग्रहालय. योहान गुटेनबर्ग याच शहरातला. १४५५ च्या सुमारास त्याने सुट्या धातूच्या खिळ्यांनी बायबल छापलं. संग्रहालय १९०० साली सुरू झालं. तिथे खिळा कसा ओततात आणि जुन्या पद्धतीच्या लाकडी यंत्रावर पान कसं छापतात, हे करून दाखवतात. संग्रहालयाच्या ‘ड्रुकलाडेन’ या कार्यशाळेत लोकांना स्वतः छापायला मिळतं.

दुसरं बेल्जियममधल्या अँटवर्पचं प्लांटिन-मोरेटस संग्रहालय. एकाच घराण्याचा हा छापखाना सुमारे तीनशे वर्षं चालला. १८७७ साली तो संग्रहालय म्हणून खुला झाला आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. जगात शिल्लक असलेली सर्वांत जुनी दोन छपाईयंत्रं इथे आहेत. ती साधारण १६०० सालची आहेत.

पहिला थांबा : खिळ्यांची केस

अशा कार्यशाळेत पहिल्यांदा उभं करतात ते केससमोर. केस म्हणजे लहान-मोठ्या खणांचा लाकडी ट्रे. प्रत्येक खणात एकाच अक्षराचे खिळे. जास्त लागणाऱ्या अक्षराचा खण मोठा आणि हाताशी, कमी लागणाऱ्याचा लहान आणि लांब.

खिळे शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे असतात. शिसं लवकर वितळतं पण मऊ असतं. अँटिमनीमुळे त्याला कठीणपणा येतो. सगळ्या खिळ्यांची उंची अगदी सारखी लागते. एखादा केसभर जरी बुटका असला तरी त्याला शाई लागत नाही आणि अक्षर पुसट उठतं.

डाव्या हातात ‘स्टिक’ नावाची धातूची पट्टी धरायची आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून तीत लावायचा. खिळ्याच्या बाजूला एक खाच असते. ती बोटाला लागली की खिळा सरळ आहे की उलटा, हे न बघताही कळतं. हे काम करणाऱ्याला कंपोझिटर किंवा मराठीत जुळारी म्हणायचे. मुरलेला जुळारी केसकडे पाहायचाही नाही. त्याची नजर समोरच्या हस्तलिखितावर असायची आणि बोटं आपोआप खणांकडे जायची.

पहिल्यांदा बसणाऱ्याला स्वतःचं नाव लावायलाही बरीच मिनिटं लागतात. एक पान म्हणजे किती काम होतं, हे तेव्हा हाताला समजतं.

मराठीचे खिळे इतके जास्त का?

इंग्रजीत छोटी-मोठी मिळून ५२ अक्षरं. आकडे आणि विरामचिन्हं धरली तरी पसारा आटोपशीर राहतो. देवनागरीत व्यंजनाला वर मात्रा, खाली उकार, बाजूला काना. शिवाय जोडाक्षरं. वर शिरोरेषा सलग दिसली पाहिजे. दोन खिळ्यांमध्ये जराशी फट राहिली तरी रेघ तुटते.

यावर दोन मार्ग निघाले. ‘अखंड’ पद्धतीत मात्रेसकट अख्खं अक्षर एकाच खिळ्यावर ओतायचे. म्हणजे ‘दु’चा वेगळा खिळा, ‘दे’चा वेगळा. छपाई देखणी, पण खिळ्यांची संख्या शेकड्यांत. मुंबईत रुळलेल्या ‘डिग्री’ पद्धतीत मात्रा, वेलांट्या, अनुस्वार वेगळे ओतून अक्षराला जोडायचे. सुरुवातीला मोजलेले ‘नंदुरबार’चे आठ तुकडे याच पद्धतीचे. यात खिळे कमी लागायचे, पण जुळवणी किचकट. पुढे आलेल्या नाजूक मात्रा मोडायच्याही लवकर.

गुटेनबर्गची अडचणही यापेक्षा फार वेगळी नव्हती. हस्तलिखितासारखं दिसावं म्हणून त्याने लॅटिन बायबलसाठी जोडाक्षरं आणि संक्षेप धरून सुमारे २९० प्रकारचे खिळे वापरले होते.

मराठीत हा प्रश्न थेट लोकमान्य टिळकांपर्यंत गेला. ‘केसरी’ चालवताना खिळ्यांचा पसारा कमी करण्याच्या खटपटीत त्यांनी सुमारे १९० खिळ्यांचा संच तयार केला. सावरकरांनी इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं टाळून ‘अ’लाच वेलांटी-उकार लावायची सूचना केली. जुन्या पुस्तकांत ‘अि’, ‘अु’ असं छापलेलं दिसतं ते त्यामुळे. खण कमी करणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

मुद्राराक्षस कुठून आला?

मराठीत छपाईची चूक झाली की ‘मुद्राराक्षसाचा विनोद’ म्हणतात. मुळात ‘मुद्राराक्षस’ हे विशाखदत्ताचं संस्कृत नाटक. छापखान्यातल्या अदृश्य राक्षसाला मराठी माणसाने ते नाव चिकटवलं. केससमोर उभं राहिलं की हा राक्षस दिसतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व हे खिळे उलटे पाहताना सारखेच वाटतात. छापून झाल्यावर खिळे परत टाकताना एखादा ‘म’ चुकून ‘भ’च्या खणात गेला, तर तो पुढच्या कुठल्या तरी लग्नपत्रिकेत बाहेर येणार. म्हणून आधी एक कच्ची प्रत काढून ती तपासायची. तिला प्रूफ म्हणतात आणि हा शब्द आजही तसाच चालतो.

असाच टिकलेला दुसरा शब्द ‘फर्मा’. जुळवलेली पानं लोखंडी चौकटीत घट्ट आवळली की फर्मा तयार. पुस्तकाच्या छपाईत साधारण १६ पानांचा एक फर्मा धरतात. खिळे गेले, पण मराठी प्रकाशक आजही ‘दहा फर्म्यांचं पुस्तक’ असंच बोलतात.

ट्रेडल : पायाने चालणारं यंत्र

तालुक्याच्या छापखान्यात असायचं ते ट्रेडल. अमेरिकेत जॉर्ज गॉर्डन याने १८५० च्या दशकात अशा यंत्राला लोकप्रिय केलं. याला वीज लागत नाही. शिलाई मशीनसारखा पाय मारला की मोठं चाक फिरतं. वरच्या गोल तबकडीवरची शाई रोलर उचलतात आणि उभ्या फर्म्यावर फिरवतात. तेवढ्यात कागद ठेवलेली पाटी येऊन फर्म्यावर दाबते आणि उघडते. उघडलेल्या त्या क्षणात उजव्या हाताने कोरा कागद ठेवायचा आणि डाव्याने छापलेला काढायचा.

सरावलेला माणूस तासाला हजाराच्या आसपास कागद काढायचा. लक्ष हललं की बोटं आत जायची. म्हणून संग्रहालयात ट्रेडलला हात लावताना कर्मचारी शेजारी हवाच. दुसरी काळजी शिशाची. खिळे हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, तोवर काही खायचं नाही. लहान मुलं सोबत असतील तर हे आधी सांगायचं.

खिळ्यांशिवायची छपाई : दगड

या संग्रहालयांत गुळगुळीत दगडही दिसतात. ही शिळाछाप. दगडावर तेलकट शाईने लिहायचं आणि दगड ओला करायचा. पाणी तेलकट भागावर थांबत नाही आणि छपाईची शाई तेवढ्याच भागाला चिकटते. खिळे ओतायची गरज नाही, त्यामुळे देवनागरीला ही पद्धत फार सोयीची ठरली.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून स्वतःचं यंत्र उभं केलं आणि १८३१ साली मराठी पंचांग छापलं. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नसत. त्यावर गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई बनवल्याचं सांगितलं जातं.

खिळ्यांच्या बाजूला मोठं नाव जावजी दादाजी यांचं. ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात खिळे घासायच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. इथली सुबक देवनागरी देशभर नावाजली गेली.

आपल्याकडे हा इतिहास कुठे भेटतो?

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. तो निघाला होता अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, पण गोव्यातच राहिला आणि जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात बसवला गेला. फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातच रायतूर इथे छापलं गेलं, पण रोमन लिपीत. देवनागरीचे खिळेच तिथे नव्हते. पुढे बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. तिथल्या भारतीय लिप्यांच्या खिळ्यांमागे पंचानन कर्मकार या कारागिराचं कसब होतं.

पुण्यात केसरीवाड्यात टिळकांचं संग्रहालय आहे. १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला, तेव्हा छापखाना हलवताना खिळ्यांच्या पेट्या टिळक-आगरकरांनी स्वतः वाहिल्या, अशी आठवण सांगतात.

नंदुरबारकरांना जवळ पडेल ते धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. १ जुलै १९९८ ला वेगळा होईपर्यंत नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचाच भाग होता. १९२७ साली स्थापन झालेल्या या मंडळात हस्तलिखितं आणि मोडी कागद जपलेले आहेत. छपाई येण्याआधी अक्षर कसं दिसायचं, हे पाहायला याहून जवळची जागा नाही.

यंत्र राहिलं, तरी काय हरवतं?

१९८० आणि ९० च्या दशकात संगणक आला. ‘श्रीलिपी’, ‘आकृती’सारखी सॉफ्टवेअर आली, ऑफसेट छपाई स्वस्त झाली आणि खिळे किलोवर विकले गेले. शिशाला भाव मिळतो, त्यामुळे खिळे वितळवले गेले. लोखंडी ट्रेडल भंगारात गेली. काही ठिकाणी ती अजूनही चालतात, पण अक्षरं छापायला नाही, तर पावत्यांवर नंबर टाकायला, पत्रिकांना घडी पाडायला आणि खोक्यांचे पुठ्ठे कापायला.

छापखाना हा वारसा आहे का, हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा थेट रस्त्यावर आला. दादरच्या आंबेडकर भवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बुद्धभूषण छापखाना होता. ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ या पत्रांशी त्याचं नाव जोडलेलं आहे. जून २०१६ मध्ये ही वास्तू पाडली गेली, तेव्हा मुंबईत मोठा मोर्चा निघाला.

पण यंत्र वाचवणं हे निम्मंच काम आहे. लोखंडी ट्रेडल शंभर वर्षं टिकतं. मराठी केसमध्ये कुठल्या खणात कुठलं अक्षर, ‘र्‍या’ किंवा ‘ष्ट्र’ कसं बसवायचं, फर्मा किती आवळायचा, हे मात्र जुळाऱ्याच्या हातात असतं. ज्यांनी खिळ्यांवर शेवटचं काम केलं ते जुळारी आज साठी-सत्तरीत आहेत. परदेशातली संग्रहालयं पाहुण्याच्या हातात स्टिक देतात ती यासाठीच. यंत्र नुसतं मांडून ठेवलं तर लोक ते बघतात, पण ते चालवायचं कसं हे पुढे जात नाही.

तुमच्या गावात जुना छापखाना असेल तर?

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर किंवा कुठल्याही गावात असा छापखाना अजून उभा असेल, तर संग्रहालय उघडायची वाट पाहायची गरज नाही. मालकाची परवानगी घेऊन एवढं करता येईल :

- केसचा वरून स्पष्ट फोटो काढा आणि प्रत्येक खणात कोणतं अक्षर आहे, ते जुळाऱ्याकडून विचारून लिहून ठेवा.
- जुळारी काम करत असताना त्याच्या हातांचा व्हिडिओ घ्या. कशाला काय म्हणतात, ते त्याच्याच शब्दांत रेकॉर्ड करा.
- जुन्या पत्रिका, हँडबिलं, चित्रांचे ब्लॉक टाकून देऊ नका. मागे गाव, साल आणि छापखान्याचं नाव लिहा.
- विकायची वेळ आलीच, तर भंगारवाल्याआधी जवळच्या कॉलेजला, कलाशाळेला किंवा इतिहास मंडळाला विचारा. यंत्र, केस आणि खिळे एकत्र द्या. वेगवेगळे झाले की त्यांचा उपयोग संपतो.
- आणि एकदा तरी स्वतःच्या गावाचं नाव खिळ्यांत लावून बघा. नंदुरबारला आठ लागतात, तळोद्याला किती?