पीडितांच्या पाठीशी उभे राहण्याचे शिक्षण

गुन्हा घडला की पोलीस आरोपीच्या मागे लागतात, वकील कलमे चाळू लागतात आणि वृत्तपत्रे आरोपीचे छायाचित्र छापतात. ज्याच्यावर तो गुन्हा ओढवला, त्याची ओळख न्यायालयीन कागदपत्रांत बहुधा 'फिर्यादी' किंवा 'साक्षीदार क्रमांक अमुक' एवढीच उरते. पोलीस ठाण्यातील पहिल्या जबाबापासून निकालापर्यंत या माणसाला जाणती सोबत देणे हे आता स्वतंत्र काम मानले जाते. त्यासाठी शिक्षण घेता येते आणि अशा माणसांची गरजही वाढते आहे. वेतनाविषयी मात्र आधीच सावध केलेले बरे; ते पुढे येईलच.

या विषयाचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे 'व्हिक्टिमॉलॉजी', अर्थात पीडितशास्त्र. बेंजामिन मेंडेलसोन यांनी १९४७ मध्ये ही संज्ञा रूढ केली. गंमत अशी, की आरंभीच्या अभ्यासकांना पीडिताच्या साहाय्यापेक्षा गुन्ह्यातील त्याचा 'वाटा' किती, याचेच कुतूहल अधिक होते. ही दृष्टी बदलायला पाव शतक लागले. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १९७४ मध्ये स्वयंसेवकांनी पीडितांच्या घरी जाऊन मदत करण्याची पद्धत सुरू केली, तर १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पीडितांच्या न्यायाविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. मुंबई यात मागे नव्हती. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्येच मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला होता. पोलिसांच्या इमारतीत, पण पोलिसांच्या हाताखाली नसलेला समाजकार्यकर्ता ही कल्पना तेव्हा नवी होती. पुढे २००० मध्ये महापालिकेच्या वांद्रे येथील भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झाले आणि हेच काम रुग्णालयात पोहोचले.

प्रत्यक्ष काम काय असते?

सर्वांत स्पष्ट चित्र दिसते ते बालकांच्या लैंगिक शोषणाच्या खटल्यांत. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती पीडित बालकासाठी 'सहायक व्यक्ती' नेमू शकते. बालकाचा जबाब गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, शक्यतो बालकाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी नोंदवायचा असतो. साक्षीच्या वेळी आरोपी बालकाच्या नजरेस पडू नये, अशीही तरतूद आहे. कायद्यात लिहिलेले हे सारे गजबजलेल्या पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयाच्या व्हरांड्यात खरोखर घडते आहे का, हे पाहणारे कोणी तरी लागते. वैद्यकीय तपासणी म्हणजे काय हे मुलाला त्याच्या भाषेत सांगणे, साक्षीपूर्वी त्याला न्यायालयाची रिकामी खोली दाखवून आणणे, खटला कुठवर आला हे पालकांना कळवत राहणे, भरपाईचा अर्ज भरून घेणे, शाळा सुटली असेल तर पुन्हा प्रवेश मिळवून देणे अशी ही कामे वर्षानुवर्षे चालतात. कायद्याने खटला शक्यतो एका वर्षात संपावा असे म्हटले असले, तरी अनेक प्रकरणांत तसे होत नाही. तारखांमागून तारखा पडतात, कुटुंबावर तडजोडीसाठी दडपण येते आणि एकट्या पडलेल्या साक्षीदाराचा धीर सुटतो.

येथेच शिक्षणाचे महत्त्व कळते. सहृदय माणूस नकळत मुलाला 'असे सांग' म्हणून बसतो आणि उलटतपासणीत बचावाचा वकील नेमके तेच विचारतो: तुला हे कोणी शिकवले? आधार द्यायचा, पण साक्षीतील एक शब्दही पढवायचा नाही, ही मर्यादा सरावानेच अंगी बाणते. गोपनीयतेचेही तसेच. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन मुलाला देता येत नाही, कारण अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. दुसरीकडे, पीडिताची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

शिक्षण कोठे?

या व्यवसायासाठी ठरलेली अशी एकच पदवी नाही. सर्वांत रुळलेली वाट समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीची, म्हणजे एमएसडब्ल्यूची. टाटा समाजविज्ञान संस्थेत अपराधशास्त्र व न्याय या विषयाच्या अध्यापनाची जुनी परंपरा आहे. मुंबईचे निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय, पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्था आणि नागपूरची मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था येथेही समाजकार्याचे शिक्षण मिळते. अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातील विषयांच्या नावांपेक्षा क्षेत्रकार्य कोठे दिले जाते, हे विचारावे. पोलीस ठाणे, न्यायालय किंवा रुग्णालयात पुरेसे क्षेत्रकार्य झालेला विद्यार्थी मुलाखतीत लगेच ओळखू येतो. मानसशास्त्र वा विधी शाखेचे पदवीधरही या क्षेत्रात येतात. पहिल्यांना कायदा आणि दुसऱ्यांना ऐकून घेण्याची कला वेगळी शिकावी लागते.

कायद्याची किमान ओळख तर सर्वांनाच हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कलम ३९६ मध्ये भरपाईची, तर कलम ३९७ मध्ये मोफत उपचाराची तरतूद आहे. महाराष्ट्राची 'मनोधैर्य' योजना २०१३ ची. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व अॅसिडहल्ल्याच्या पीडितांना तिच्यातून अर्थसाहाय्य मिळते. महिला व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते, हे तर अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

संधी आणि अडचणी

विशेष कक्ष, २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतील 'सखी' वन स्टॉप सेंटर, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, रुग्णालयातील समुपदेशन केंद्रे आणि स्वयंसेवी संस्था ही कामाची मुख्य ठिकाणे आहेत. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याचे पदही याच जातकुळीचे. सहायक व्यक्तींची पात्रता, प्रशिक्षण व मानधन यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये निर्देश दिल्याने या कामाला व्यवसायाचे रूप येऊ लागले आहे.

तरीही यांतील बरीच पदे कंत्राटी आहेत आणि मानधन वेळेवर मिळेलच असे नाही. दररोज अत्याचाराच्या कहाण्या ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या मनावरही ओरखडे उमटतात. झोप उडते, चिडचिड वाढते, कधी उलट सारेच बधिर होते. म्हणून नोकरी स्वीकारताना वेतनाइतकाच आणखी एक प्रश्न विचारावा: कार्यकर्त्यांची विचारपूस करणारे अनुभवी पर्यवेक्षक संस्थेत आहेत का? ज्या संस्थेला हा प्रश्नच समजत नाही, तेथे फार काळ टिकणे कठीण.

टाटा संस्थेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२४ पासून 'सीयूईटी-पीजी' ही राष्ट्रीय परीक्षा ग्राह्य धरली जाते. ती साधारणपणे मार्चमध्ये होते आणि अर्ज त्याआधी दोन-अडीच महिने सुरू होतात. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांनी तोवर एखाद्या संस्थेत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्वयंसेवक म्हणून काही महिने काम करून पाहावे. हे काम आपल्याला झेपेल का, याचा अंदाज तेथे येतो.