यंदाची सहल मांजराकाठी न्या की!

डिसेंबर-जानेवारी म्हणजे सहलीचा सीझन. लातूर-नांदेडच्या शाळांच्या एसट्या किल्ल्याला जातात, लेण्यांना जातात, वॉटर पार्कला पण जातात. जाऊ द्यात. पण पाचवीच्या पोरांना अश्मयुगाचा धडा असतो, आणि तसल्या काळाच्या खुणा आपल्या दारातल्या मांजराकाठी आहेत, हे त्यांना कोण सांगतं?

मांजरा बीडच्या बालाघाटात उगम पावते, लातूरमधून वाहते आणि पुढं नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. हिच्या काठावरच्या जुन्या गाळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्तीचे आणि चक्क पाणघोड्याचे जीवाश्म मिळाले. लातूर जिल्ह्यातलं हरवाडी हे त्यातलं एक ठिकाण. याच खोऱ्यात माणसानं घडवलेली दगडी हत्यारंही सापडली.

जरा विचार करा. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं एकेकाळी पाणघोडे डुंबत होते! हवामान बदललं की काय होतं, हे शिकवायला याहून जवळचं उदाहरण कुठलं?

नुसतं वाचून हे डोक्यात जात नाही, हातानं करावं लागतं. चेन्नईचं शर्मा सेंटर मुलांसाठी असेच उपक्रम घेतं. ते चालवणाऱ्या शांती पप्पू डेक्कन कॉलेजच्याच विद्यार्थिनी. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कम इथली सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची हत्यारं त्यांच्याच चमूनं अभ्यासली.

आपल्याकडं काय लागतं? गारगोट्या मिळतात. डोळ्याला चष्मा लावून मोठ्या माणसानं एक फोडून दाखवायची. निघालेल्या धारदार कपच्यानं दोरी कापून बघायची. कपच्या लाकडाच्या खाचेत डिंकानं बसवली की विळा तयार. एका दुपारीत पोरांना कळतं की आदिमानव अडाणी नव्हता. कुठला दगड कसा फुटतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एकच नियम: काठावर खणायचं नाही, काही उचलायचं नाही. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, जाणकाराला कळवा. वस्तू थरातून हलली की तिचा निम्मा इतिहास गेला.

आणि घाई यासाठी की वाळू-मातीसाठी काठ पोखरले जातात, तेव्हा हे थरही ट्रॅक्टरमध्ये भरून जातात. हजारो वर्षांचं पुस्तक, आणि दुसरी प्रत नाही. ज्या पोरानं स्वतःच्या हातानं दगड फोडून पाहिलाय, तेच उद्या विचारेल, "आमची नदी का खणताय?"

गुरुजी, बाई, यंदा एक दिवस मांजरेला द्या.