ऑपरेशननंतर वजन उतरायचं थांबलं? घाबरू नका, आधी हे तपासा

भंडारा : लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरी ही आता फक्त मुंबई-पुण्याची गोष्ट राहिलेली नाही. नागपूरचे नेते नितीन गडकरी यांच्यावर २०११ मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा विदर्भात घरोघरी या ऑपरेशनची चर्चा झाली होती. आज भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या तालुक्यांतल्या रुग्णाला हे ऑपरेशन करायचं झाल्यास नागपूर जवळ पडतं.

खर्च लाखांत जातो. त्यासाठी कोणी दागिने मोडतं, कोणी कर्ज काढतं. पहिले काही महिने वजन भराभर उतरतं आणि मग एक दिवस काटा जागेवरच थांबतो. गावात विचारणा सुरू होते, "ऑपरेशन करूनही काहून थांबलं जी?" रुग्णाला वाटतं की पैसे पाण्यात गेले. कोणी जेवणच सोडतं, कोणी लाजेपायी तपासणीला जाणं आणि गोळ्या घेणं बंद करतं. वजन थांबण्यापेक्षा हेच जास्त धोक्याचं आहे. म्हणून काटा का थांबतो आणि अशा वेळी काय करावं, याची ही माहिती.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं?

भारतात दोन प्रकार जास्त होतात. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळासारखी निमुळती नळी शिल्लक राहते. भूक वाढवणारं एक संप्रेरक जठराच्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही कमी होते. 'बायपास' प्रकारात जठराची अगदी छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. त्यामुळे खाणं कमी होतं आणि अंगी लागणंही कमी होतं.

दोन्ही प्रकारांत पोट लहान होतं. सवयी मात्र आपोआप बदलत नाहीत, त्या रुग्णालाच बदलाव्या लागतात.

काटा कधी थांबतो?

वजन सरळ रेषेत उतरत नाही. ते साधारण तीन वेळा अडतं.

पहिल्यांदा ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. सुरुवातीला शरीर साठवलेली साखर वापरतं. त्या साखरेबरोबर अंगात पाणीही साठलेलं असतं. ते निघून गेल्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत काटा झपकन खाली येतो, मग काही दिवस थांबतो. हे नैसर्गिक आहे आणि बहुधा आपोआप सुटतं.

दुसऱ्यांदा सहा महिन्यांच्या आसपास. तोवर शरीर हलकं झालेलं असतं. २५ किलो वजन घटलेला माणूस म्हणजे डोक्यावरचं २५ किलोचं पोतं उतरवलेला माणूस. पोतं घेऊन धुऱ्यावरून चालताना जेवढी ताकद लागत होती, तेवढी आता लागत नाही. शरीराचा खर्च कमी झाला आणि खाणं तेवढंच राहिलं, तर वजन थांबणारच. शिवाय कमी अन्न मिळालं की शरीर काटकसर करू लागतं, त्यामुळे खर्च आणखी घटतो.

तिसऱ्यांदा १२ ते १८ महिन्यांनी. या काळात बहुतेकांचं वजन आपल्या नव्या जागी स्थिरावतं. हा अडथळा नसून बऱ्याचदा मुक्काम असतो. दुसऱ्या वर्षानंतर दोन-चार किलो वाढणंही अनेकांत दिसतं.

आठ दिवस काटा हलला नाही म्हणजे वजन थांबलं असं होत नाही. सगळं नीट पाळूनही चार आठवडे वजन आणि कंबरेचं माप दोन्ही तसंच राहिलं, तर कारण शोधावं.

किती वजन उतरायला हवं, याचा हिशेब

अनेकांची निराशा चुकीच्या अपेक्षेतून येते. एक उदाहरण पाहू. उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ११० किलो. या उंचीला साधारण ६४ किलोपर्यंतचं वजन योग्य धरलं, तर जादा वजन झालं ४६ किलो. चांगल्या ऑपरेशननंतर या जादा वजनापैकी सुमारे ५० ते ७० टक्के उतरतं. ६० टक्के धरलं तर सुमारे २७ ते २८ किलो. म्हणजे ही व्यक्ती ८२ किलोच्या आसपास थांबली, तरी ऑपरेशन यशस्वीच म्हणायचं. तेवढ्यात साखर आणि रक्तदाब आटोक्यात आला, गुडघे दुखायचे थांबले, तर खरा फायदा तोच.

आधी काटा तपासा

धान मोजायच्या काट्यावर किंवा दुकानातल्या काट्यावर वेगवेगळ्या दिवशी केलेलं वजन जुळत नाही. एकच काटा, आठवड्यातून एकच दिवस, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी वजन करावं. तारखेसह वहीत लिहावं. सोबत महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजावी. कधी कधी काटा थांबतो, पण चरबी कमी होत असते आणि लुगडं-पँट ढिली होते. महिलांमध्ये पाळीच्या दिवसांत अंगात पाणी साठल्यानेही काटा वर जातो.

नकळत पोटात जाणारं खाणं

पोट लहान झालं तरी काही पदार्थ सरसर खाली उतरतात आणि पोट भरल्याची जाणीवच होत नाही. चिवडा, बिस्किट, शेव, फरसाण, आईस्क्रीम आणि गोड पेयं ही त्यातली. वरणाची एक वाटी संपवायला अर्धा तास लागतो, पण चिवड्याची पुडी गप्पा मारता मारता संपते.

चहाचा हिशेब करून पाहावा. एका कपात दोन चमचे साखर आणि दिवसात सहा कप चहा, म्हणजे बारा चमचे साखर झाली. नुसत्या साखरेतूनच दोनशेच्या वर कॅलरी गेल्या. शेतावर गेलं की चहा, कोणाच्या घरी गेलं की चहा, नाही म्हणावं तर माणूस रागावतो. अशा वेळी "बिनसाखरेचा अर्धा कप द्या" असं सांगायची सवय लावावी. उसाच्या रसाचंही तसंच.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री नाटक आणि सोबत भजी, आलूबोंडे. लग्नसराईत पंगती असतात. या दिवसांतच वही बाजूला पडते. रोज जे तोंडात गेलं ते सगळं, एक घासही न सोडता, दोन आठवडे लिहून काढलं तर निम्म्या प्रश्नांचं उत्तर वहीतच सापडतं.

दारूबाबत वेगळी काळजी हवी. मोहाची असो की दुकानातली, ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, ती लवकर आणि जास्त चढते. त्यात कॅलरी भरपूर असतात आणि व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो. ती टाळलेलीच बरी.

ताटातला क्रम बदला

भंडारा हा धानाचा जिल्हा. ताटात आधी भात येतो. ऑपरेशननंतर मात्र आधी प्रथिनं, मग भाजी आणि शेवटी जागा उरली तर दोन घास भात, असा क्रम ठेवावा. साधारणपणे दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. नेमका आकडा आपल्या आहारतज्ज्ञाकडून घ्यावा. किडनीचा आजार असेल तर विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

गावात मिळणाऱ्या पदार्थांतून अंदाजे इतकी प्रथिनं मिळतात :

- एक अंडं : ६ ग्रॅम
- १०० ग्रॅम मासे : १७ ते २० ग्रॅम
- घट्ट वरणाची एक वाटी : ६ ते ७ ग्रॅम
- २५ ग्रॅम कोरडी सोयाबीन वडी : १३ ग्रॅम
- ५० ग्रॅम पनीर : ९ ग्रॅम
- एक मोठा पेला दूध : ८ ग्रॅम
- मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे : ६ ग्रॅम

दोन अंडी, थोडे मासे, दोन वाट्या वरण, एक पेला दूध, वाटीभर दही आणि मूठभर फुटाणे एवढ्यात ६० ग्रॅम भरतात. मामा तलावातले, वैनगंगेचे मासे तळण्याऐवजी कमी तेलात रस्सा करून खावेत. लाखोळीची डाळ मात्र रोजचं मुख्य अन्न करू नये. ती सतत जास्त प्रमाणात खाण्याचा संबंध पाय लुळे पडण्याच्या आजाराशी आहे.

घास छोटा असावा, सावकाश चावावा आणि जेवण २० ते ३० मिनिटांत आटपावं. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणाआधी आणि नंतर साधारण अर्धा तास थांबावं. पाण्याने अन्न लवकर खाली सरकतं आणि परत भूक लागते. बाकी दिवसभरात घोट-घोट करून दीड ते दोन लिटर पाणी जायला हवं. उन्हाळ्यात शेतात काम असेल तर आणखी लागेल.

वजन थांबलं म्हणून उपाशी राहणं ही मोठी चूक आहे. उपाशी राहिल्याने आधी स्नायू झिजतात, केस गळतात, चक्कर येते आणि शरीर आणखी काटकसर करतं.

"शेतात राबतो, मग व्यायाम कशाला?"

रोवणी आणि धान कापणीच्या दिवसांत शरीराला चांगला ताण पडतो. पण ते काम वर्षातले काही आठवडेच असतं. त्यातही ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर आल्यापासून अंगमेहनत कमी झाली आहे. म्हणून रोजचं चालणं वेगळं मोजावं. आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालावं. वजन पुन्हा वाढू नये म्हणून पुढे हा वेळ वाढवावा लागतो.

सोबत आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं एवढं घरीच करता येतं. स्नायू टिकले तर शरीराचा खर्च टिकतो. मात्र ऑपरेशननंतर सुरुवातीचे चार ते सहा आठवडे पोतं उचलणं किंवा जड काम डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करू नये. हर्नियाचा धोका असतो.

रात्रीची झोपही महत्त्वाची. ओलितासाठी रात्री-बेरात्री मोटार सुरू करायला जाणाऱ्यांची झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. दिवसा तरी ती भरून काढावी.

डॉक्टरांकडे काय तपासायचं?

- थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम. विदर्भात सिकलसेल आढळतो, म्हणून रक्त कमी असल्यास सगळा दोष ऑपरेशनला न देता तीही तपासणी करावी.
- चालू असलेली औषधं. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारावरची काही औषधं वजन वाढवतात. ती स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांना दाखवावीत. झटपट गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं.
- गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नये. विशेषतः बायपासनंतर तिने जठरात जखम होऊ शकते.
- महिलांनी ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो. कोणतं साधन वापरावं, हे डॉक्टरांना विचारावं.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या वजन थांबलं म्हणून थांबवायच्या नसतात. बहुतेकांना त्या आयुष्यभर लागतात.

हे सगळं करूनही वजन बरंच वाढत असेल, तर सर्जन दुर्बिणीने किंवा एक्स-रे काढून जठराचा आकार तपासतात. गरज पडल्यास दुसरं ऑपरेशन, उदाहरणार्थ स्लीव्हचं बायपास, करता येतं. पण त्यात धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची वजन कमी करणारी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. काही रुग्णांना ती उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखालीच घ्यायची. कोणाचं ऐकून किंवा ऑनलाइन मागवून घेऊ नयेत. खर्च योजनेत किंवा विम्यात बसतो का, हे आधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा विमा कंपनीला विचारून घ्यावं.

लगेच रुग्णालय गाठा

सतत उलट्या होणं, पाणीही न टिकणं, पोटात तीव्र दुखणं, काळं शौच, ताप-थंडी, छातीची धडधड, चालताना तोल जाणं किंवा एकाची दोन दिसणं, यांपैकी काहीही झालं तर वजनाचा विचार बाजूला ठेवून रुग्णालयात जावं. सततच्या उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर पित्ताशयातल्या खड्यांची तपासणी करावी. वजन झपाट्याने उतरल्यावर ते होतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

घरच्यांचं काम

"एवढा पैसा लावला, तरी तसाच" हे वाक्य घरात बोलू नये. रुग्णाच्या ताटात आग्रहाने वाढू नये आणि त्याचा घासही मोजू नये. घरच्या एकाने त्याच्यासोबत सकाळी फिरायला जावं आणि तपासणीच्या तारखेला सोबत नागपूरला जावं. मन फार खचलं असेल, झोप उडाली असेल, तर 'टेलिमानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं.

थोडक्यात, काटा थांबला तर आधी दोन आठवडे वही लिहा. ताटात प्रथिनं वाढवा, चहातली साखर काढा आणि चालणं मोजा. चार आठवड्यांत फरक पडला नाही तर ती वही घेऊन ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना भेटा. रुग्णाने काय खाल्लं आणि किती चाललं, हे त्यांना त्या वहीवरून लगेच कळेल.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध आणि आहारातला कोणताही बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)