अडलेला संसार आणि त्याची पत : एक ऐतिहासिक विचार

‘पत’ या शब्दाचे दोन अर्थ आपल्या भाषेत एकत्र नांदतात. कर्ज मिळण्याची योग्यता ही पत, आणि चारचौघांतील मान हीही पतच. घरातील कमावता मनुष्य अंथरुणास खिळला, अथवा गिरणी बंद पडली, म्हणजे संसारास हे दोन्ही अर्थ एकदमच जाणवू लागतात. पैसा हवा तर मागावे लागते, आणि मागितले तर मान जातो. गेल्या दीडशे वर्षांत आपल्या प्रांतातील अडलेल्या कुटुंबास मदत कोठून मिळत आली, याचा विचार करताना हा पेच दृष्टीआड करून चालावयाचे नाही. मदतीची प्रत्येक नवी रीत तो थोडा सोडवीत आली आणि थोडा तसाच ठेवीत आली, असे इतिहास पाहता दिसून येते.

जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत. शिक्षणासाठी अशी भिक्षा मागण्यास समाजमान्यता होती, म्हणून तीत कमीपणा मानीत नसत. कुणब्याच्या संसारास मात्र सावकाराखेरीज दुसरे दार नव्हते. सारा रोख भरावयाचा, पीक मात्र पावसाच्या हाती. तेव्हा कर्ज होणे हे ठरलेलेच. त्याचा स्फोट १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे येथील बाजारात झाला, व लवकरच तो दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. या दंग्यांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की लोकांचा मुख्य रोख धनावर नसून कर्जखतांवर होता. कागद हाती येताच ते जाळीत. पुष्कळ ठिकाणी कागद मिळाल्यावर सावकारास फारसा उपद्रवही दिला गेला नाही. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. केवळ खतावरील आकडा न पाहता मूळ देण्याघेण्याचा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला, आणि कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्याची वाट बंद झाली. जुलूम कमी झाला खरा; पण नवे कर्ज स्वस्तात कोण देणार, हा प्रश्न कायद्याने सोडविला नाही.

पोटासाठी मुंबईस आलेल्या गिरणी कामगाराची स्थिती काही निराळी नव्हती. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत शेकडा ४७ कुटुंबे कर्जबाजारी आढळली, आणि कर्ज सामान्यतः अडीच महिन्यांच्या कमाईइतके होते. व्याजाचा प्रचलित दर रुपयास महिना एक आणा. आमच्या वर्गातील मुलांना मी हे उदाहरण फळ्यावर मांडून दाखवीत असे. महिन्यास एक आणा म्हणजे वर्षास बारा आणे, म्हणजे दरसाल दरशेकडा ७५! मुलांना प्रथम ते खोटेच वाटे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी घेऊन उभ्या राहणाऱ्या पठाणास जमीन-जुमल्याचे तारण नको असे. कामगाराची पुढील मजुरी हेच त्याचे तारण होते.

या अंधारात सहकाराचा दिवा १९०४ च्या कायद्याने लागला. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली मुंबईत आपल्या समाजातील मध्यम व गरीब कुटुंबांसाठी पतपेढी काढली, आणि तिला आपले गुरू शामराव विठ्ठल कायकिणी यांचे नाव दिले. पुढे १९१८ साली सारस्वत सहकारी पेढी स्थापन झाली. तिचा आरंभीचा उद्देश मोठा बोलका आहे. लग्नकार्य, आजारपण आणि जुन्या कर्जाची फेड, अशा प्रसंगी अडचणीतील कुटुंबास अल्प मुदतीचे साहाय्य करणे. ज्या तीन कारणांनी संसार सावकाराच्या ओटीत जाऊन पडतो, नेमकी तीच ही कारणे होत. पेढीत जाणारा मनुष्य याचक नसे. तो भागधारक असे, त्याचे नाव वहीत इतर सभासदांच्या रांगेत असे. मान राखून मदत मिळविण्याची इतकी चांगली युक्ती आपल्याकडे पूर्वी क्वचितच निघाली असेल. मात्र पेढीला जामीन लागे. ज्याला जामीन राहण्यास कोणी नाही, तो दाराशीच थबकत असे, आणि सर्वांत गांजलेले घर बहुधा त्याचेच असे.

शिक्षणाच्या बाबतीत ज्ञातिसंस्थांनी जे केले ते याहून मोठे. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांस आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, मंगळसूत्रासुद्धा, मोडीस दिले. येथे एक गोष्ट आपण ज्ञातिबांधवांनी मोकळ्या मनाने मान्य करावी. ज्ञातीचा निधी ज्ञातीतील धनिकांच्या ऐपतीइतकाच वाढतो. ज्या समाजात धनिकच नव्हते त्यांचे काय? डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरास वसतिगृह काढले, ते या परिस्थितीशी झगडूनच. म्हणूनच मदतीचा भार अखेरीस शासनाने उचलणे क्रमप्राप्त होते.

यशवंतराव चव्हाण यांच्या कारकीर्दीत, वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांस, जात न पाहता, फी माफ झाली. ती ‘ई.बी.सी.’ सवलत म्हणून घरोघर ठाऊक आहे. पुढे उत्पन्नाची मर्यादा वाढत गेली. शिक्षक या नात्याने मी या सवलतीचे अर्ज वर्षानुवर्षे भरून घेतले. एक पालक अर्ज घेऊन जात व तो कोराच परत पाठवीत. ‘गरीब’ असे लिहून त्यावर सही करणे त्यांना जड जाई. त्यांच्या मुलाची फी मात्र थकलेलीच राही. शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन सांगितले, “दादा, ही भीक नव्हे. आपण मीठ घेता, कापड घेता, त्यावर कर भरता. त्यातलेच हे परत येत आहे.” त्यांनी सही केली.

हक्काची ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात पूर्णत्वास आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी करून पाहिलेली रोजगार हमी त्या वर्षी राज्यभर लागू झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून तिचा खर्च भागविण्यात आला. मागेल त्याला काम, स्त्री-पुरुषास समान दाम. खडी फोडणाऱ्या बाईला जामीन विचारला गेला नाही. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा २००५ साली झाला, तो पुष्कळ अंशी याच अनुभवावर.

ज्याला काम करणेच शक्य नाही त्याच्यासाठी १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, अपंग, परित्यक्ता, दुर्धर आजाराने पीडित यांस तीतून दरमहा अनुदान मिळते; २०२३ साली ते दीड हजार रुपये झाले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा कमावता मनुष्य गेला तर एकरकमी साहाय्य देणारी केंद्राची योजना १९९५ सालची. दोन्हींसाठी जावयाचे ते तहसील कचेरीतच. रुग्णालयांविषयी तर फारच थोड्यांस माहिती असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ कक या कलमाखाली धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांस मोफत आणि शेकडा १० दुर्बल घटकांस सवलतीने द्यावयाच्या असतात. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची योजना घालून दिली. रुग्ण दाखल होतानाच शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला समाजसेवकाच्या हाती द्यावा, आणि दाद न लागल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीकडे जावे. बिल हाती पडल्यावर धावाधाव करणारी घरे मी आपल्याच समाजात पाहिली आहेत. त्यांतील एकाने मुलीच्या लग्नाचे सोने मोडले.

पूर्वी जामीन मागत, आता दाखले मागतात. तलाठ्याचा दाखला, रहिवासाचा दाखला, मृत्यूचा दाखला. नवऱ्याच्या तेराव्यानंतर महिनाभरात एकट्या बाईने हे सर्व जमवावे अशी अपेक्षा असते. आपल्या मंडळाच्या निधीतून वर्षाकाठी काही शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांचे समारंभही होतात. त्या जोडीस दर रविवारी सकाळी दोन निवृत्त सभासदांनी कार्यालयात बसून अशा घरांचे अर्ज भरून द्यावे, गरज पडल्यास तहसिलीपर्यंत सोबत जावे, असे मी कार्यकारी मंडळास या लेखाच्या द्वारे सुचवितो. आलेल्या कुटुंबाची नावे अहवालात छापू नयेत. पहिल्या रविवारी येऊन बसण्यास मी तयार आहे. दुसरा मनुष्य मंडळाने द्यावा.