मेलात तर दहा लाख

गेल्या गणपतीला गावी जायची आमची तिकिटं वेटिंग १४, १५ आणि १६ अशी निघाली. आई, सौ. आणि मी. "क्रमानं लागलेत, म्हणजे मिळणारच," आई म्हणाली. रेशनच्या रांगेत आयुष्य गेलेल्या माणसाची रांगेवर अशी श्रद्धा असते. मी पडलो बी. कॉम. आणि वर बँकेत कारकून. श्रद्धेला तारण मागायची सवय. म्हणून मी विम्याकडे वळलो.

प्रवासाचा विमा काही कालचा नव्हे. १८४८ साली इंग्लंडात 'रेल्वे पॅसेंजर्स ॲश्युरन्स कंपनी' निघाली. तिचा विमा स्टेशनात तिकिटाबरोबरच मिळे. पहिल्या वर्गाला तीन पेनीत हजार पौंड, दुसऱ्याला दोन पेनीत पाचशे आणि तिसऱ्याला एका पेनीत दोनशे. म्हणजे एकाच गाडीखाली, एकाच मिनिटाला गेलात तरी साहेबाचं मरण गरिबाच्या पाचपट! शिवाय हिशेब करून पाहा. साहेबाला पेनीमागे तीनशे तेहतीस पडतात, गरिबाला दोनशेच. घाऊक गिऱ्हाइकाला सूट हा नियम मरणालाही चुकला नाही.

हीच कल्पना जेम्स बॅटरसन नावाच्या गृहस्थांनी १८६४ साली अमेरिकेत हार्टफर्डला नेली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक कोण असावं? बँकवाला! बोल्टर नावाच्या या आमच्या जातभाईनं पोस्टापासून घरापर्यंत चालत जाण्याचा पाच हजार डॉलरचा विमा दोन सेंटला उतरवला. पोस्ट ते घर! बँकेतला माणूस एवढंच धाडस करतो.

आपल्याकडे रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावर सप्टेंबर २०१६ पासून ९२ पैशांत असा विमा मिळू लागला. पुढे तो ४५ पैशांवर आला. (आजकाल ४५ पैशांत फक्त मरणच परवडतं.) मृत्यू आला तर दहा लाख, इस्पितळासाठी दोन लाखांपर्यंत, आणि पार्थिव घरी न्यायला दहा हजार.

हे सगळं मी सौ.ला मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं.

"अहो, पण न गेल्याचे किती?"

कारकुनाच्या घरात इतका नेमका प्रश्न विचारू नये. हा विमा मुळात कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाला. वेटिंगवाल्याला नाही. बरोबरच आहे म्हणा. जो गाडीत नाही तो गाडीत मरणार कसा? परदेशवारीच्या विम्यात प्रवास रद्द झाल्याचे पैसे मिळतात, पण आजारपण, घरातला मृत्यू अशी ठरलेली कारणं हवीत. 'जागा मिळाली नाही' हे त्यांच्या मते कारणच नव्हे.

चार्ट लागला. आम्ही वेटिंग २, ३, ४ वर थांबलो. पैसे आपोआप परत आले, क्लार्केज कापून. जगात कारकुनाच्या नावानं एकच कर आहे, आणि तो मला कारकुनालाच बसला.

आईनं पिशवीतलं सोवळं काढून पुन्हा फडताळात ठेवलं. तिला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झालीत. गावच्या चुलत भावाला मी फोन लावून दिला, तर "आरतीला आमच्यासाठी थांबू नका" एवढंच बोलली. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"पुढच्या वर्षीचं तिकीट आत्ताच काढून ठेव."

"आई, साठ दिवस आधी मिळतं. त्याच्या आधी नाही."

"बरं. मग तोवर मी असेन की नाही, त्याचा विमा निघतो का, ते बघ."